आईचं आजारपण माझ्याकडे, त्यातच लिंगओळखीचा प्रश्न. सुरुवात कुठून करू? (सांगली जिल्हा)

द्राक्षवेल_२०

वय २०, तासगाव तालुका. आईला चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आहे, बोलणं अडखळत. अंघोळ, डायपर, औषधं, व्यायाम, भरवणं सगळं माझ्याकडे. वडील बागेत, छाटणी-फवारणीच्या दिवसांत पहाटे पाचलाच बाहेर. मोठा भाऊ पुण्याला नोकरीत. माझं बी.कॉम. बाहेरून चालू आहे.

जन्मानं मिळालेलं लिंग आपलं नाही, निदान पूर्ण आपलं नाही, असं तीनेक वर्षं वाटतंय. कधी दुसऱ्या बाजूचं वाटतं, कधी दोन्हीतलं काहीच नाही. त्याला आत्ताच नाव द्यायची घाई नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

विचारायचं ते असं: हे खरंच लिंगओळखीचं आहे की जागरणानं डोकं फिरलंय, हे कसं ओळखायचं? स्वतःची खोली नाही, झोपणं आईच्या खाटेशेजारी. मग घरात न कळता काय करून बघता येईल? चार तासांपेक्षा जास्त घर सोडता येत नाही, तर सांगली-मिरजेत कुणाला भेटायचं? आणि घरी कळलं तर आईला हातच लावू देणार नाहीत, ही सगळ्यात मोठी भीती आहे. "सगळं चांगलं होईल" हे उत्तर नको, काय करायचं ते सांगा.

---

मनोमित्र_सातारा

पहिल्या प्रश्नापासून धरू. थकवा की लिंगओळख, असं दोन्हीतलं एक निवडायचं नसतं. दोन्ही एकदम असू शकतात आणि थकवा लिंगओळखीचा त्रास वाढवतो. वेगळं करायला चार आठवड्यांची नोंद पुरते.

रोज रात्री तीनच आकडे लिहा. एक, *सलग* किती तास झोप झाली. एकूण नव्हे, सलग. दोन-दोन तासांचे तीन तुकडे म्हणजे सहा तासांची झोप नव्हे. दोन, शरीराबद्दल, हाक मारण्याबद्दल, कपड्यांबद्दल अस्वस्थता ० ते १०. तीन, आज कशानं तरी बरं वाटलं का, ० ते १०, आणि कशानं ते एका शब्दात. लोक हा तिसरा रकाना गाळतात आणि तिथंच फसतात. नुसता त्रास मोजला तर काय नको एवढंच कळतं. आरशात तिरकं बघताना, फोनवर कुणी चुकून दुसऱ्या लिंगानं हाक मारली तेव्हा, बहुरूप्याच्या खेळात, कशानं हलकं वाटलं याची नोंद जास्त बोलकी असते.

महिन्यानं बघा. झोप बरी झालेल्या दिवशी अस्वस्थता बरीच खाली येत असेल तर जागरणाचा वाटा मोठा आहे आणि आधी झोपेची व्यवस्था लावायची. झोप झाली तरी आकडा तिथंच राहत असेल तर त्या भावनेला स्वतःचा आधार आहे. आणि तिसरा रकाना रोज शून्य, जेवणात, गाण्यात, कशातच गोडी नाही, असं असेल तर नैराश्य तपासून घ्या. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीत मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. दहा किंवा वर आले तर डॉक्टरला दाखवा. नवव्या प्रश्नात, म्हणजे जीव नकोसा होणं, शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी १४४१६ लावा. ही टेलि-मानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: चोवीस तास, मोफत, मराठीत.

नोंद कुठं ठेवायची? आईची बीपीची वही रोज लिहायचीच असते. त्यात शेवटी तीन रकाने, वर फक्त झ, अ, ब. डॉक्टर किंवा भाऊ वही चाळणार हे धरून चाला. म्हणून शब्द लिहायचा तर आडवळणाचा.

आता कुणाला भेटायचं. आईच्या तपासणीला सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात जाणं होतंच. मानसोपचार विभागाची ओपीडी तिथंच असते. केस पेपरच्या खिडकीवर "झोप लागत नाही" एवढं पुरे, तिथं दुसरं काही सांगायचं नाही. आत डॉक्टरसमोर पहिल्या दोन मिनिटांत विचारा: "मी जे सांगेन ते घरच्यांना कळेल का? पेपरवर काय लिहिलं जाईल?" तुम्ही सज्ञान आहात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३ प्रमाणे माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि कलम १८ प्रमाणे लिंग किंवा लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. कलमं तोंडपाठ म्हणून दाखवायची गरज नाही, पण ती आहेत हे माहीत असलं की आवाज थरथरत नाही.

खाजगी समुपदेशक असेल तर आधी फोनवर तीन प्रश्न: लिंगओळखीच्या प्रश्नावर काम केलंय का, घरच्यांना बोलावण्याची सक्ती आहे का, निष्कर्षाची घाई तर नाही ना. "लग्न केलं की जातं", "गोळ्यांनी बरं होतं" असं ऐकू आलं तर फोन ठेवा. लिंगओळख "बदलवण्याचे" उपचार हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजारवर्गीकरणात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला आहे. तेव्हा जाणं "बरं होण्यासाठी" नसून विचार मोकळा करायला आहे.

---

घरसेवा_मिरज

वरचं सगळं बरोबर, पण चार तास मिळाल्याशिवाय त्यातलं काही होणार नाही. म्हणून आधी बदली माणूस.

घरात आईला दुसरं कुणी सांभाळू शकत नाही, हे बहुतेक घरांत खरं नसतं. खरं एवढंच असतं की दुसऱ्याला काहीच माहीत नाही, कारण सगळं एकाच डोक्यात आहे. एक कागद करा, कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. औषधाचं नाव, वेळ, जेवणाआधी की नंतर. कूस कधी बदलायची (खाटेवरच असतील तेव्हा दर दोन तासांनी, हवेची गादी असली तरी बंद करायचं नाही). पाणी देताना पाठ सरळ, दिल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर ठसका लागून फुफ्फुसात जातं. डायपर, मलम, टॉवेल *कुठं* आहेत. हे "कुठं" गाळलं की बदली माणूस दर दहा मिनिटांनी फोन करतो आणि तुमचे चार तास फोनवरच जातात. सगळ्यात खाली ठळक: चेहरा वाकडा, हातातली ताकद अचानक कमी, बोलणं जास्त बिघडलं, तर लगेच १०८.

मग शिकवणं. आत्या, शेजारची काकू, कुणीही. तीन वेळा त्यांनी बघायचं, तीन वेळा त्यांनी करायचं आणि तुम्ही नुसतं बघायचं (हात आवरणं अवघड जातं, पण आवरा), मग एक तास एकट्यानं, मग चार तास. खुर्चीत बसवताना खुर्ची आईच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला. उजव्या हाताला धरून कधी ओढायचं नाही, खांदा निसटतो. नवखा माणूस हमखास तिथंच चुकतो.

पैशाचं: आईचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा वर असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा आणि तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत निराधार अनुदानाची चौकशी करा. उत्पन्नाची अट आहे, उत्पन्नाचा दाखला लागेल. रक्कम मोठी नाही, पण महिन्यातून काही वेळा अर्ध्या दिवसाची बाई लावायला हातभार लागतो. तो पैसा "औषधात" बुडू देऊ नका, बदली माणसासाठीच म्हणून बाजूला ठेवा.

आता घरात करून बघण्याचं. कुठून कुठं ते तुम्ही लिहिलं नाही, लिहायची गरजही नाही, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

रुग्णसेवेत एक फायदा आहे: सोयीच्या नावाखाली बरंच खपतं. केस बारीक कापायचे तर "उचलताना आई केस धरते" हे कारण कुणी उलट विचारत नाही. सैल टीशर्ट, ट्रॅक पँट, रोज तेच, कारण डाग पडतात. उलट बाजूला जायचं तर लांब कुर्ता, अॅप्रन, केस वाढवून मागं बांधलेले, मलमाच्या निमित्तानं हातांची निगा. नखं मात्र दोन्हीकडं बारीकच, आईची कातडी पातळ झालेली असते.

छाती सपाट दिसावी म्हणून काहीजण घरातलं क्रेप बँडेज गुंडाळतात. तुमच्याही घरात ते असेलच. नको. ते हालचालीबरोबर आवळत जातं, सैल होत नाही; बरगड्या दुखतात, श्वास अर्धा येतो आणि त्याच अवस्थेत पन्नास-साठ किलोचं माणूस उचलायचं असतं. मापाचा बाइंडर (छाती सपाट ठेवणारा खास आतला कपडा) किंवा घट्ट स्पोर्ट्स ब्रा, दिवसात आठ तासांच्या आत, झोपताना कधीच नाही, आणि आईला उचलण्या-अंघोळीच्या वेळी काढून. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. मुंग्या, धाप, टोचणारी कळ आली की लगेच काढा. दोन सैल शर्ट एकावर एक घातले तरी निम्मं काम होतं.

लपवून घेतलेले आतले कपडे दोरीवर वाळत घालता येत नाहीत, मग ते टॉवेलखाली दमट राहतात आणि मांडीत नायटा होतो. फार होणारी गोष्ट आहे ही, आणि लाजेनं दाखवत नाहीत. आईचे कपडे रोज धुताच, त्यात मिसळून गच्चीवर भर दुपारी उन्हात टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आईच्या गोळ्यांचा डबा तुमच्या हातात आहे. हृदयाच्या, यकृताच्या किंवा बीपीच्या काही रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन देतात, आणि ती गोळी पुरुषी संप्रेरक (हार्मोन) रोखते हे व्हिडिओत सांगणारे भरपूर आहेत. ती स्वतःहून घ्यायची नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडतो, बीपी उतरून चक्कर येते, आणि डब्यातून उचलली असेल तर आईच्या गोळ्या कमी पडतात. तसंच स्त्री-संप्रेरक म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं घेणं: रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. आईला पक्षाघात झालेला आहे, म्हणजे ही माहिती डॉक्टरला आधी द्यायची गोष्ट आहे. जिममधून टेस्टोस्टेरॉनची सुई घेतली तर रक्त दाट होतं, ते तपासणीशिवाय कळत नाही. संप्रेरकं घ्यायचीच ठरली तर अंतःस्रावतज्ज्ञाकडून, आधी रक्ततपासण्या करून. त्याला उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

---

शब्दकीस

मूळ पोस्ट परत वाचा. त्यात एकही "करतो" नाही, "करते" नाही. मुद्दाम असेल तर सलाम, नकळत असेल तर तुम्हाला मराठीतली पळवाट आधीच सापडली आहे. ती नीट मांडतो.

मराठीत "मी"चं लिंग फक्त काही ठिकाणी उघडं पडतं. वर्तमानात (जातो/जाते) आणि अकर्मक भूतकाळात (गेलो/गेले, बसलो/बसले). शिवाय बोललो, शिकलो, विसरलो, समजलो असली थोडी चुकार क्रियापदं. बाकी रान मोकळं. मी औषध दिलं, मी भाकरी केली: क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. मी जाईन, मी करीन, मी येणार आहे, मला जायचंय, मला वाटतं, माझ्याकडून झालं: कशालाच लिंग नाही. "विसरलो"च्या जागी "लक्षातून गेलं", "निघतो"च्या जागी "निघू का?". दोन आठवडे असं बोलून बघा. आणि मग एकटं असताना, आईची कूस बदलताना मनातल्या मनात, एकदा "करतो" आणि एकदा "करते" म्हणून बघा. कुठलं जिभेवर बसतं ते मनोमित्रांच्या तिसऱ्या रकान्यात लिहा.

आपल्या भागाची एक गंमत. सांगली-कोल्हापूरकडं बायकामुलीही सर्रास "मी येतो", "मी जातो" म्हणतात. पुण्याची माणसं दचकतात, इथं कुणी ढुंकूनही बघत नाही. तेव्हा तुमची वाट त्या दिशेची असेल तर घरात बसून रोज सराव होईल आणि कुणाला पत्ता लागणार नाही. उलट दिशेची असेल तर हे कवच नाही. "मी जाते" लगेच कानात जातं. तिथं लिंगनिरपेक्ष रूपंच वापरा.

हाकेचंही तसंच. "पोरगं", "लेकरू", "बाळ" ही नपुंसकलिंगी आणि अगदी घरगुती. आईच्या बोलण्याच्या सरावात हाक मारायचा एखादा शब्द असणारच. तो "बाळ" किंवा "सोनू" ठेवता येईल. अगं-अरेपेक्षा बरा. ("तुम्ही"लाही लिंग नाही. इथं सगळे तुम्हाला अहोजाहो करतायत ते नुसत्या आदरानं नव्हे.)

---

येरळाकाठ

बाकीचं ठीक, पण भावाला लगेच सांगून टाका. एकट्यानं वाहायचं ओझं नाही हे. आणि गावात कुणी केसबीस बघून "यल्लमाचं वारं आहे, देवाला सोडा" म्हणालं तर घरात एक तरी माणूस तुमच्या बाजूनं बोलायला हवा.

---

मनोमित्र_सातारा

यल्लमाबद्दल सहमत. जोगत्यांची (यल्लमाला वाहिलेल्यांची) परंपरा स्वतःहून स्वीकारणाऱ्याचा मान ठेवावा, पण दुसऱ्यानं लावलेलं निदान म्हणून तिला मान तुकवायची नाही.

भावाबद्दल मात्र "लगेच" नको. सांगण्याआधी चार गोष्टी हाताशी हव्यात: स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधार-मार्कशीटच्या प्रती घराबाहेर कुठंतरी, वाईट झालं तर दोन रात्री जाता येईल असं एक घर, आणि घरसेवांनी सांगितलेला बदली माणूस. शेवटची गोष्ट सगळ्यात गरजेची. कारण वाद झाला की पहिली धमकी "मग आईचं कोण बघणार" ही असते, किंवा तुम्हाला वाटतं तशी, "आईला हात लावू नकोस". बदली माणूस तयार असेल तर दोन्ही धमक्यांची धार जाते.

भाऊ कसा आहे हे आधी चाचपा. तृतीयपंथीयांबद्दलची एखादी बातमी फोनवर सहज वाचून दाखवा, तो काय म्हणतो ते ऐका. चेष्टा केली तर अजून सहा महिने थांबा. नुसता गप्प राहिला तर ते वाईट लक्षण नाही. सांगायचंच झालं तर आईच्या खाटेजवळ नको. तिला सगळं ऐकू येतं आणि बहुतेक समजतंही, फक्त उत्तर नीट देता येत नाही. तिला तशा कोंडीत टाकू नका.

---

कागदपत्र_कट्टा

थोडक्यात. लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात मान्य केला. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याखाली आणि २०२० च्या नियमांखाली ओळख प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं राष्ट्रीय पोर्टलवरून करतात. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी समाजकल्याण कार्यालयात त्या दिवशीचा नियम विचारा. पण आत्ता याची गरज नाही. शोध घ्यायला प्रमाणपत्र लागत नाही, आणि तो कागद किंवा त्याची टपाल-ओटीपीची खूण घरी आली तर अवेळी फुटेल.

फोन: घरात एकच हँडसेट फिरत असेल तर १४४१६ चा कॉल यादीतून पुसा, यूट्यूबचा इतिहास बंद ठेवा (नाहीतर वडिलांना फवारणीच्या व्हिडिओखाली भलतंच दिसेल), आणि नोंदी दुसऱ्या मेलखात्यात.

संस्था: सांगलीत नव्वदच्या दशकापासून काम करणारी संग्राम आणि तिच्या जोडीनं चालणारी मुस्कान. मुस्कानचं मूळ काम लैंगिक व्यवसायातल्या पुरुष आणि तृतीयपंथीयांमधलं आहे, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पण जिल्ह्यात कोणता डॉक्टर नीट बोलतो हे अशा ठिकाणी चांगलं कळतं. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला. भावाकडं जाणं झालं तर तो चालू आहे का ते आधी विचारून तिथं चक्कर मारता येईल.

---

द्राक्षवेल_२०

वही आजपासून सुरू. बदलीसाठी आत्याला विचारणार आहे. एकच शंका: रात्री आई दोनदा उठवते, सलग झोप तीन तासांच्या वर जात नाही. मग नोंदीचा उपयोग होईल?

---

घरसेवा_मिरज

रात्रीचा आकडा आधी वाढवायला हवा. कशासाठी उठवते ते चार रात्री लिहा. लघवीसाठी असेल तर संध्याकाळी सहानंतरचं पाणी-चहा थोडा कमी करून तेवढंच दिवसा वाढवा (एकूण कमी करायचं नाही), रात्री जास्त शोषणारा डायपर, आणि लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी घेता येईल का हे डॉक्टरला विचारा, स्वतः बदलू नका. कूस बदलण्यासाठी असेल तर हवेची गादी घेतल्यावर रात्रीचं अंतर किती वाढवता येईल ते ड्रेसिंगच्या सिस्टरला कातडी दाखवून ठरवा. आणि आठवड्यातल्या दोन रात्री दहा ते तीन वडिलांकडं द्या. फवारणी नसेल त्या दिवशी त्यांना जमतं. त्या दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, कानात कापूस घालून. वहीतल्या त्याच दोन ओळी सगळ्यात आधी बघायच्या.